मावा: त्याच्या पिढ्या आणि त्याचं वर्ष – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, परसबागवाले आणि कृषीचे विद्यार्थी मावा या पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. "कोणतं औषध मारू?" हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, पण त्याचं उत्तर इथे मिळणार नाही. पीक, अवस्था आणि त्या वर्षीच्या शिफारशी पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. मावा कधी, कुठून आणि का येतो हे कळलं, तर त्या प्रश्नाची निम्मी घाई आपोआप कमी होते. सोयीसाठी प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मावा नेमका ओळखायचा कसा? तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण सगळे सारखेच वाटतात.

मावा साधारण एक ते तीन मिलिमीटरचा असतो. अंग मऊ, मागे फुगीर आणि डोक्याकडे निमुळतं. कोवळ्या शेंड्यावर, कळ्यांवर किंवा पानाच्या मागे तो घोळक्याने बसतो. दहापट भिंगातून पाहिलं तर पाठीच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतात. बहुतेक जातींत हीच खात्रीची खूण. पानाला धक्का लागला की तुडतुडा तिरका पळतो, पांढरी माशी उडते, मावा मात्र सोंड रुतवून जागच्या जागी बसून राहतो. पिठ्या ढेकणाच्या अंगावर पिठासारखं मेण असतं आणि त्याला त्या नळ्या नसतात. उसावरच्या पांढऱ्या, लोकरीसारख्या माव्याने बराच गोंधळ होतो, त्याच्याबद्दल प्रश्न १९ पाहा.

२. पानावर कुठेच अंडी दिसत नाहीत. मग एवढी पिल्लं येतात कुठून?

मादी थेट पिल्लं घालते. डिसेंबरात वालाचा किंवा चवळीचा काळा मावा बसलेला शेंडा तोडून सकाळी भिंगाखाली धरा. थोडा धीर धरला तर बाळंतपण डोळ्यांसमोर होताना दिसेल. पिल्लू मागच्या बाजूने बाहेर येतं, पाय अंगाला चिकटलेले असतात. काही मिनिटांत पाय सुटतात, ते पानाला धरतं आणि आई सोंडही न काढता रस ओढत राहते. बाहेर आलेलं पिल्लू आईचीच छोटी प्रत असतं. त्याला कोष नाही, अळीची अवस्था नाही. ते लगेच रस शोषू लागतं.

३. नर नसताना हे कसं होतं? कोणी तपासून पाहिलंय का?

फार पूर्वी तपासलंय. जिनिव्हाच्या शार्ल बोने या विशीतल्या तरुणाने १७४० साली नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू काचेखाली एकटं ठेवलं आणि रोज त्याची नोंद ठेवली. ते वाढलं आणि नराचं तोंडही न पाहता त्याने ९५ पिल्लं घातली. तोवर हे नुसतं अनुमान होतं, बोनेने ते शाबीत केलं.

बीजांड फलित न होताच वाढू लागतं, त्यामुळे मुलगी जनुकांच्या हिशेबाने आईसारखीच असते. त्याहून गंमत म्हणजे आईच्या पोटात असलेल्या पिल्लाच्या पोटातही पुढची पिल्लं वाढायला लागलेली असतात. जन्माला येणारी मुलगी नातीसकट येते. माव्याची पिढी इतकी झटपट का उरकते, याचं मुख्य कारण हे. म्हणूनच आजच्या हवामानाचा किंवा गर्दीचा परिणाम आजच्या मादीपेक्षा तिच्या मुली-नातींवर जास्त दिसतो. हा मुद्दा पंखांच्या प्रश्नात (६) पुन्हा येतो.

४. एक पिढी किती दिवसांची? हंगामात किती पिढ्या होतात?

पिल्लू चार वेळा कात टाकतं आणि प्रौढ होतं. २० ते २७ अंश तापमानात याला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. थंडी वाढली तर दोन आठवडेही लागतात. प्रौढ मादी दोन-तीन आठवडे जगते आणि जातीप्रमाणे, पिकाप्रमाणे ४० ते १०० पिल्लं घालते. रब्बीच्या चार महिन्यांत दहाच्या आसपास पिढ्या सहज होतात. मात्र त्या एकामागोमाग रांगेत येत नाहीत. एकाच शेंड्यावर पणजीपासून पणतीपर्यंत सगळ्या एकत्र बसलेल्या असतात, त्यामुळे "आता कितवी पिढी चालू आहे?" या प्रश्नाला शेतात अर्थ राहत नाही.

कागदावर हिशेब केला तर एका मादीची ५० पिल्लं, त्यांची २,५००, मग १,२५,००० आणि चौथ्या पिढीत ६२,५०,०००. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण पाऊस, ऊन, ढालकिडे, गांधीलमाशीच्या कुळातले बारीक परजीवी कीटक आणि बुरशी यांतली बरीच संपवतात. हा हिशेब एवढ्यासाठीच दिला की "परवापर्यंत काहीच नव्हतं, आज एकदम कसा आला?" असं विचारणाऱ्याला कळावं: तो आधीपासून होता, फक्त नजरेत भरण्याइतका नव्हता.

५. पानावर पांढरे पांढरे कण पडलेत. मावा मेला असं समजायचं का?

नाही. ती टाकलेली कात असते. एक मावा चार काती टाकतो, आणि माव्याने टाकलेल्या गोड चिकट्यावर त्या चिकटून राहतात. खूप काती दिसल्या तर वसाहत जोमात आहे असं समजा. मेलेला मावा वेगळा दिसतो: सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीने पांढरा झालेला, नाहीतर फुगून सोनेरी झालेला (प्रश्न १६).

६. एकाच घोळक्यात काहींना पंख असतात, काहींना नाही. हे नर-मादी असतात का?

दोन्ही माद्याच. पंख नसलेली मादी जास्त पिल्लं घालते, पंख असलेली कमी घालते पण दूर जाते. घोळका दाटला, अंगाला अंग घासू लागलं, पान निबर झालं किंवा पीक पिवळं पडायला लागलं, की आईच्या पोटात वाढणाऱ्या पुढच्या मुली पंखवाल्या होतात. ढालकिड्यांचा वावर वाढल्यावरही काही जातींत पंखवाल्या वाढतात. धोक्यात आलेला मावा त्या दोन नळ्यांतून एक गंध सोडतो. त्या गंधाने शेजारचे मावे पान सोडून खाली पडतात, आणि सारखं असंच घडत राहिलं तर पुढच्या पिढीला पंख फुटतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा उपयोग असा: पिवळ्या चिकट सापळ्यावर पंखवाला मावा दिसू लागला, तर शेजारचं कुठलं तरी रान वाळत चाललंय आणि पाहुणे निघालेत. सापळ्याने मावा संपत नाही, पण खबर मिळते.

७. आमच्या पुस्तकात अंडी, हिवाळा, "मूळ यजमान" आणि "दुय्यम यजमान" असं चक्र दिलंय. ते सोप्या शब्दांत सांगाल का?

ते चक्र थंड देशांतलं आहे आणि तिथे ते तंतोतंत चालतं. इंग्लंडातल्या पावट्यावरचा काळा मावा हे त्याचं ठसठशीत उदाहरण. तिथल्या बागांच्या कुंपणात स्पिंडल नावाचं झुडूप असतं, तो त्याचा मूळ यजमान. शरद ऋतूत या माव्याची चकचकीत काळी अंडी झुडपाच्या डोळ्यांच्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबांच्या) खाचेत घातली जातात. झाडात सोंड रुतवून बसणारा मावा कडाक्याच्या थंडीत टिकत नाही, अंडं मात्र उणे ३० अंशांखालीही गोठत नाही.

वसंतात अंड्यातून जी मादी निघते ती त्या वर्षाच्या सगळ्या गोतावळ्याची मूळ आई. ती नराविना पिल्लं घालते. स्पिंडलवर दोन-तीन पिढ्या झाल्या की झुडपाची पानं निबर होतात, पंखवाल्या निघतात आणि मे-जूनमध्ये पावटा, बीट अशा पिकांवर, म्हणजे दुय्यम यजमानांवर, उतरतात. सगळा उन्हाळा तिथे पिढ्यांवर पिढ्या, सगळ्या माद्याच. सप्टेंबरात दिवस लहान होऊ लागतो, हवा गार पडते. मग दोन प्रकारचे पंखवाले जन्मतात. एक प्रकार माद्यांचा, ज्या परत स्पिंडलवर जाऊन अंडी घालणाऱ्या बिनपंखी मुलींना जन्म देतात. दुसरा प्रकार नरांचा, जे मागाहून तिथेच पोचतात. वर्षातून एकदा मीलन होतं, अंडी घातली जातात आणि चक्र पुरं होतं.

दिवसाची लांबी हा मुख्य इशारा आहे, हे १९२३च्या सुमारास अमेरिकेत मार्कोविच यांनी स्ट्रॉबेरीच्या मुळावरच्या माव्यावर दाखवलं. रोज मिळणारा उजेड त्यांनी मुद्दाम कमी केला आणि हंगामाआधीच नर-मादी जन्माला आले. प्राण्यांच्या बाबतीत असा पुरावा पहिल्यांदा मिळाला तो या किडीमुळे.

८. हेच चक्र महाराष्ट्रात चालतं का?

आपल्या शेतातल्या माव्याच्या बाबतीत नाही, आणि विद्यार्थ्यांनी परीक्षेबाहेर हे नीट लक्षात ठेवावं. पुण्यात सर्वांत लहान दिवस जेमतेम अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. फरक थोडा. शिवाय दिवस लहान असतो त्याच महिन्यांत आपल्याकडे पिकं हिरवीगार असतात आणि मावा मजेत जगेल इतकीच थंडी पडते. ऊबदार हवा असेल तर लहान दिवसाचा इशाराही फिका पडतो. अंडं घालून थंडी टाळायची गरजच उरत नाही. कपाशी, करडई, ज्वारी, वाल, भुईमूग यांवरचा मावा वर्षभर नराविना, अंड्याविना, मुलीमागून मुलगी असा चालतो.

त्याची खरी अडचण हिवाळ्यात नसून मे महिन्यात असते, आणि दुसरी अडचण मुसळधार पावसाची. तो ही दोन संकटं कशी काढतो ते पुढच्या उत्तरात आहे.

९. मग एप्रिल-मेमध्ये मावा कुठे दडून बसतो? वर्षभराचा त्याचा प्रवास सांगाल?

दडून बसत नाही, थोड्या संख्येने जिथे ओल आणि कोवळी पालवी आहे तिथे टिकून राहतो. ३५ अंशांपुढे बहुतेक जातींचं पिल्लं घालणं मंदावतं आणि आयुष्य घटतं. विदर्भ-मराठवाड्यात ४२-४४ अंश असताना उघड्या रानात मावा शोधून सापडत नाही. पण विहिरीच्या दांडाकडेची भेंडी, वांगी, काकडी, अंगणातली जास्वंद आणि पाटाच्या कडेचं तण, इथे कपाशीवरच्या माव्याच्या (एफिस गॉसिपी) छोट्या वसाहती निघतात. शेंगवर्गीय पिकांवरच्या काळ्या माव्याला (एफिस क्रॅक्सिव्होरा) बांधावरचा गिरिपुष्प आणि शेवग्याची कोवळी फूट पुरते.

जूनचा पाऊस पडला की सगळीकडे कोवळं उगवतं. कपाशीच्या रोपांवर पंखवाल्या उतरतात. जुलै-ऑगस्टमध्ये जोराच्या सरी त्यांना धुऊन टाकतात, आणि पावसाने दोन-तीन आठवडे ओढ दिली की लगेच संख्या वाढते. "उघडीप पडली आणि मावा आला" असं शेतकरी म्हणतात, ते बरोबर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात खरीप उतरणीला लागतं, पंखवाल्या रब्बीच्या आणि भाजीपाल्याच्या रानांकडे निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माव्याचा सुगीचा काळ: वाल, हरभऱ्याशेजारची मोहरी, करडई, रब्बी ज्वारी, गहू, कोबी, सगळीकडे आपापली जात. प्रत्येक जात प्रत्येक पिकावर जात नाही. करडईचा मावा कपाशीवर जगत नाही, आणि ज्वारीचा मावा वालावर बसला तरी उपाशी मरतो. मार्चमध्ये ऊन तापलं, पिकं वाळली, की मोठ्या वसाहती आठवडाभरात कोसळतात. तेव्हा कुणी फवारणी केली असेल तर श्रेय औषधाला जातं.

कोकणात आणि गोव्यात मे महिना एवढा भाजत नाही, पण जून-जुलैचा पाऊस तिथे त्याहून मोठं संकट असतं.

१०. ढगाळ हवामानात मावा वाढतो हे खरं की समज?

निरीक्षण खरं आहे, कारण थोडं वेगळं. ढगांतून मावा पडत नाही आणि ढगांनी तो जन्मत नाही. डिसेंबर-जानेवारीत आभाळ भरून आलं की रात्रीचा गारठा कमी होतो, दुपारचं ऊनही सौम्य होतं आणि हवेत दमटपणा येतो. चोवीस तास माव्याला हवं तसं तापमान मिळतं, पिढी लवकर पुरी होते. त्यातही लक्षात घ्या की ढगाळ हवा आली म्हणून आज वाढ दिसत नाही, ती आठ-दहा दिवसांनी दिसते. असं हवामान लांबलं, धुकं आणि ओल वाढली, तर माव्यावर बुरशी येते आणि तीच त्याचा फडशा पाडते. व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाने विकलं जाणारं बुरशीचं जैविक कीटकनाशक याच तत्त्वावर चालतं. कोरड्या हवेत, भर दुपारी ते फवारणं म्हणजे पैसे वाया.

११. करडई उशिरा पेरली की मावा जास्त लागतो असं का म्हणतात?

करडईच्या माव्याची संख्या डिसेंबर-जानेवारीत शिगेला पोचते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेलं पीक तोवर उंच होतं, काटे धरतं, खोड राठ होतं. नोव्हेंबरात पेरलेलं पीक नेमकं तेव्हा लुसलुशीत असतं. मावा दोघांवरही येतो, पण कोवळ्यावर त्याच्या दोन-तीन पिढ्या जास्त होतात, आणि प्रश्न ४ मधला हिशेब पाहिला तर दोन पिढ्या म्हणजे काय ते कळेल.

करडईत मावा आधी बांधालगतच्या ओळींवर दिसतो. तेव्हा फक्त कडेच्या ओळी फवारल्या तर पुष्कळदा आतलं रान वाचतं. हे काम आठवडाभर लांबवलं तर मग सगळं रान काट्यांतून फवारावं लागतं, आणि करडईत ते करायला कुणी मजूर खुशीने येत नाही.

१२. कपाशीच्या एकाच पानावर पिवळा, हिरवा आणि जवळजवळ काळा मावा आहे. या तीन जाती का?

बहुधा एकच. एफिस गॉसिपी थंड हवेत आणि पोसलेल्या कोवळ्या पानावर मोठा, गडद हिरवा ते काळपट होतो. उष्णता आणि दाटी वाढली की त्याच आईच्या मुली लहान, फिक्या पिवळ्या निघतात. हे पिवळे बुटके पिल्लं कमी घालतात. वसाहतीत पिवळ्यांचं प्रमाण वाढलं तर तिचा जोर ओसरतोय. जनुकं तीच, मोसम वेगळा.

१३. बांधावरच्या रुईवर गर्द पिवळा मावा भरलाय. तो पिकावर येण्याआधी रुई उपटू का?

राहू द्या. तो रुई आणि कण्हेरीवरचा मावा आहे (एफिस नेरी), तुमच्या कपाशीत किंवा ज्वारीत तो वसाहत करत नाही. उलट त्याच्यावर ढालकिडे आणि सिरफिड माशीच्या अळ्या पोसल्या जातात, आणि तुमच्या रानात मावा आला की त्या तिकडे सरकतात. बांधावरची रुई ही फुकटची मित्रकीटकांची रोपवाटिका आहे. बांध तासून साफ करण्याची हौस मला कधीच पटलेली नाही.

१४. फवारणी केली, चार दिवस रान स्वच्छ दिसलं, पंधरा दिवसांत दुप्पट मावा. औषध बनावट होतं का?

असूही शकतं, पण बहुतेक वेळा कारण पिढ्यांच्या हिशेबात असतं. पानामागचा, गुंडाळलेल्या शेंड्यातला मावा वाचतो. शंभरातले पाच उरले तरी नर शोधायची गरज नाही, त्यामुळे प्रत्येक उरलेली मादी दुसऱ्या दिवसापासून पिल्लं घालते. त्यांच्यावर जगणारे ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक) आणि परजीवी कीटक मात्र त्याच फवाऱ्यात गेलेले असतात, आणि त्यांची पिढी माव्यापेक्षा सावकाश भरून येते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनंतर कपाशीत मावा आणि पांढरी माशी उसळी घेतात, ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट. वाचलेली मादी औषधाला थोडी दाद न देणारी असेल, तर तिच्या सगळ्या मुली तशाच. इथे सरमिसळ नाही, प्रतच निघते. म्हणून एकाच गटाचं औषध लागोपाठ मारू नये. सुरुवातीच्या अवस्थेत ५ टक्के निंबोळी अर्क, पानामागे पोचेल असा, आणि युरियाला थोडा आवर, एवढ्यावर पुष्कळ रानं निभावतात. युरियाने लुसलुशीत झालेलं पीक म्हणजे माव्याला आयतं ताट.

१५. माव्याजवळ मुंगळे का असतात? ते मावा खातात का?

खात नाहीत, राखतात. माव्याला झाडाच्या रसातून साखर गरजेपेक्षा खूप जास्त मिळते आणि ती तो चिकट थेंबांच्या रूपात टाकून देतो. मुंगळे तो चिकटा चाटतात आणि त्याबदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात. मुंगळ्यांची राखण असलेल्या वसाहतीत पंखवाल्या माद्याही उशिरा निघतात. परसबागेत शेवग्याच्या किंवा लिंबाच्या बुंध्यावरून मुंगळ्यांची वाट तोडली, तर बऱ्याचदा मावा न फवारता आटोक्यात येतो.

त्या रसात अमिनो आम्लं मात्र फार कमी. ती तूट माव्याच्या पेशींत राहणारा बुकनेरा नावाचा जिवाणू भरून काढतो. हा जिवाणू आईकडून पोटातल्या पिल्लाकडे जातो, आणि त्याच्याशिवाय मावा वाढत नाही.

१६. काही मावे फुगून गोल, सोनेरी-तपकिरी झालेत आणि पानाला चिकटलेत. हा रोग आहे का?

माव्यासाठी आहे, तुमच्यासाठी चांगली बातमी. परजीवी कीटकाची मादी माव्याच्या अंगात एक अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि उरलेल्या सालीत कोष करते. याला ममी म्हणतात. पाठीवर गोल भोक असेल तर नवा कीटक बाहेर पडला. वसाहतीत ममी दिसू लागल्या तर फवारणीआधी आठवडाभर थांबून पाहा. पाच-सहा पानं डब्यात ठेवून, तोंडाला कापड बांधून खिडकीत ठेवलीत, तर त्यातून निघणारे काळे बारीक कीटक मुलांनाही दाखवता येतील.

१७. माझ्या पपईवर मावा कधीच दिसला नाही. तरी रिंगस्पॉट हा विषाणूचा रोग माव्यामुळे आला असं सांगतात. कसं शक्य आहे?

पपईवर मावा घर करत नाही, तो फक्त चाखून जातो. शेजारच्या वाळत्या रानातून उठलेली पंखवाली मादी योग्य झाड शोधत प्रत्येक हिरव्या पानावर उतरते, सोंड टोचून चव घेते आणि नावडलं की उडते. रोगट पपईवर काही सेकंद सोंड टोचली की विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो, आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात उतरतो. औषधाने ती मादी मरेलही, पण रोग लावून झाल्यावर. म्हणून इथे फवारणीवर भर देणं चुकीचं आहे. रोगट झाड दिसताच काढणं, पपईभोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावणं (मावा तिथे आधी सोंड पुसतो) आणि पंखवाल्यांची लाट येते त्या काळात रोपं फार कोवळी नसतील असं लागवडीचं वेळापत्रक ठेवणं, याचा उपयोग होतो. खानदेशात केळीवर येणारा सीएमव्ही (काकडीवरचा मोझॅक विषाणू), ज्याला तिकडे हरण्या म्हणतात, तोही असाच चाखण्यातून पसरतो. केळीचा पर्णगुच्छ हा विषाणूरोग मात्र वेगळा, तो केळीवरच राहणारा मावा जास्त वेळ रस शोषून पसरवतो.

१८. बटाट्याचं बियाणं पंजाबातून का आणावं लागतं? याचा माव्याशी संबंध आहे असं ऐकलं.

थेट संबंध आहे. बटाट्याचे विषाणू हिरवा मावा (मायझस पर्सिकी) पसरवतो. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हा मावा फार कमी असतो. त्या खिडकीत बियाण्याचं पीक घेतात आणि १०० पानांमागे २० मावे या मर्यादेला पोचण्याआधी, डिसेंबरअखेर-जानेवारीच्या सुरुवातीला, बटाट्याचा पाला कापून टाकतात. पालाच नाही तर विषाणू कंदात उतरणार कसा? सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ही पद्धत बसवली. त्याआधी निरोगी बियाणं डोंगरात, थंडीतच तयार करावं लागे. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या आपल्या बटाटा पट्ट्यात मावाविरहित इतके आठवडे मिळत नाहीत, म्हणून दरवर्षी ट्रक तिकडून येतात.

१९. उसावरचा लोकरी मावा हाच मावा का? २००२ साली तो एकदम कुठून आला?

कूळ तेच, जात वेगळी (सेराटोव्हॅकुना लॅनिजेरा). पाठीवरच्या नळ्या जवळजवळ दिसत नाहीत, अंगावर पांढरं मेण कापसासारखं साचतं. पूर्व भारतात तो १९५०च्या दशकापासून माहीत होता. महाराष्ट्रात २००२च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात त्याचा उद्रेक झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कोल्हापूर, सातारा ते उत्तर कर्नाटकापर्यंत फड पांढरे झाले. पानामागे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी, हे ज्यांनी पाहिलं ते विसरले नसतील.

दाट उसात फवारा पोचत नाही आणि इथेही नराविना पिढ्या चालू. अखेर काम केलं ते शत्रूंनी: डायफा या पतंगाच्या अळ्या, मायक्रोमस हा शिकारी कीटक आणि एन्कार्सिया हा बारीक परजीवी. साखर कारखान्यांनी आणि कृषी संस्थांनी ते वाढवून फडाफडांतून सोडले. आजही लोकरी मावा अधूनमधून दिसतो. दिसला की आधी पान उलटून डायफाची जाळी आहे का पाहा.

२०. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गुलाबावर उन्हाळ्यात मावा, हिवाळ्यात शून्य. जमिनीत जातो का?

जमिनीत नाही. तिथे प्रश्न ७ मधलं चक्र लागू होतं. हिवाळ्यात गुलाबाच्या फांद्यांवर, डोळ्यांजवळ बारीक, लांबट, चमकदार काळे ठिपके दिसले तर ती अंडी. घातल्यावर हिरवट असतात, नंतर काळी पडतात. छाटणीच्या वेळी अशा फांद्या काढल्या तर वसंतातली पहिली पिढी बरीच कमी होते. हिवाळा सौम्य गेला तर काही माद्या अंड्याशिवायच टिकून राहतात आणि त्या वर्षी मावा लवकर दिसतो. इंग्लंडातल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९६०च्या दशकापासून १२.२ मीटर उंचीच्या शोषण-सापळ्यांनी हवेतला मावा रोज मोजला जातो. जानेवारी-फेब्रुवारी जितके ऊबदार, तितकी हिरव्या माव्याची पहिली झेप लवकर, हे त्या नोंदींतून दिसलं.

भारतातही हिमाचल-काश्मीरमध्ये पीचच्या डोळ्यांवर अशी अंडी सापडतात. तिथला मावा उन्हाळ्यात तणांवर उतरतो आणि शरदात पीचवर परततो.

२१. वसंतातही दिवस लहानच असतो. मग अंड्यातून निघालेली मादी लगेच नर का घालत नाही?

विद्यार्थ्यांकडून आलेला हा सर्वांत नेमका प्रश्न. केंब्रिजच्या ए. डी. लीस यांनी वाटाणाकुळातल्या वनस्पतींवरच्या एका माव्यावर याचा छडा लावला. अंड्यातून निघालेल्या वंशात आतलं एक घड्याळ चालू असतं. काही महिने ते लहान दिवसाच्या इशाऱ्याकडे लक्षच देऊ देत नाही. लीस यांना असंही दिसलं की हे घड्याळ पिढ्या मोजत नाही, काळ मोजतं. थोड्या पिढ्या होवोत की जास्त, मुदत संपली की मगच वंशाला दिवसाची लांबी "कळू" लागते.

२२. नर-मादीच्या मीलनानंतर अंड्यातून सगळ्या माद्याच कशा? निम्मे नर का नाहीत?

माव्याच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, नरात एकच, आणि वाय नाहीच. शरदात नर जन्माला घालताना आई एक एक्स टाकून देते. म्हणजे नरही बापाविनाच जन्मतो. पुढे त्या नराच्या शुक्राणूंतले एक्स असलेलेच टिकतात, एक्स नसलेले नष्ट होतात. त्यामुळे प्रत्येक फलित अंड्यात दोन एक्स, म्हणजे मादी.

२३. सगळेच मावे पिल्लं घालतात का? द्राक्षाच्या फायलोक्सेराला अंडी असतात असं वाचलं.

फायलोक्सेरा हा खऱ्या माव्याच्या चुलत कुळातला. त्या कुळात आणि देवदार-पाइनसारख्या झाडांवरच्या ॲडेल्जिड कुळात नराविना होणाऱ्या पिढ्याही अंडीच घालतात, थेट पिल्लं कधीच नाहीत. खऱ्या माव्यात अंडं फक्त वर्षातल्या त्या एका लिंगी पिढीचं. त्यामुळे महाराष्ट्रात कपाशीच्या किंवा वालाच्या पानावर माव्याशेजारी अंडी दिसली, तर ती बहुधा ढालकिड्याची (पिवळी, उभी, घोळक्याने), सिरफिड माशीची (पांढरी, आडवी, एकेकटी) किंवा क्रायसोपाची (केसासारख्या देठावर टांगलेली) असतात. ती चिरडू नका.